जुना संगणक आणि मागची फांदी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, जिथे धुके सकाळी उशिरापर्यंत लोळत पडते, तिथे सावरीच्या उंच झाडावर एक शेकरू राहत असे. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची आणि जराशी स्वप्नाळू. शेकरूचे एका घरट्यावर भागत नाही. ती दोन-चार घरटी बांधून ठेवते आणि मनाला येईल त्यात झोपते. हिच्या सगळ्यात मोठ्या घरट्यात एक संगणक होता. जंगलात संगणक कसा आला, त्याला वीज कुठून मिळाली, असे मुलांनो मध्येच विचारू नका. गोष्टीत तो होता, आणि चांगलाच जुना होता.

तो सुरू होईपर्यंत शेकरूचे एक फळ खाऊन होई. त्याचा पंखा भुंग्यासारखा घुमत राही. पण त्या संगणकात तिच्या आईचा आवाज साठवलेला होता. आई आता नव्हती. लहानपणी पहिली झेप शिकवताना ती जे बोलली होती, ते सगळे त्यात होते. रोज दुपारी पानांतून ऊन झिरपू लागले, की शेकरू तो आवाज लावी. "ये बाळा, पुढे ये. खाली पाहू नकोस. वारा थांबू दे जरा..." आई सावकाश बोलत जाई, पंखा घुमत राही, फांदी झुलत राही आणि शेकरूचा डोळा लागे. पुढे आई काय म्हणते, हे तिने कधी ऐकलेच नव्हते. उद्या ऐकू, असे तिला रोज वाटे.

समोरच्या उंबरावर एक तांबट पक्षी राहत होता. एकच गोष्ट दिवसभर एकाच सुरात सांगत राहायची, हा त्याचा स्वभाव. "शेकरूताई, पंख्यात सावरीचा कापूस भरलाय, तो काढ. अपडेट घे. पासवर्ड बदल, 'जांभूळ' हा तुझा पासवर्ड अख्ख्या जंगलाला पाठ आहे. आणि आईच्या आवाजाची एक प्रत दुसऱ्या घरट्यात ठेव."

"तांबटदादा, थंडीत नवा संगणक यायचाय," शेकरू जांभई देत म्हणे. "मग या जाणाऱ्याची एवढी सेवा कशाला करू?"

"यायचाय ना? अजून आलेला नाही," तांबट म्हणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. शेकरू तोवर पेंगू लागलेली असे.

एका दुपारी पडद्यावर एक निरोप आला. 'आपला संगणक फार मंद झाला आहे. इथे बोट ठेवा, वाऱ्यासारखा पळू लागेल. आपला हितचिंतक.' हा हितचिंतक म्हणजे खालच्या करवंदीच्या जाळीत बसलेले रानमांजर होते. शेकरू कोणत्या घरट्यात झोपते, एवढेच त्याला पाहायचे होते. शेकरूने अर्धवट झोपेत बोट ठेवले आणि नेहमीप्रमाणे आईचा आवाज लावला.

"ये बाळा, पुढे ये. खाली पाहू नकोस. वारा थांबू दे जरा. आणि झेप घेताना एक लक्षात ठेव..."

तिथेच आवाज तुटला. संगणक तापला, पडदा काळा झाला, आणि वरच्या कॅमेऱ्याचा इवलासा दिवा मात्र आपोआप लागला. शेकरूची झोप पार उडाली. पुढचे वाक्य आठवायला ती धडपडली, पण जे ऐकलेच नाही ते आठवणार कुठून? तिला रडू कोसळले. "दादा, पुढचं मला माहीतच नाही. मी रोज झोपून गेले."

तांबट एरवी तेच तेच किती बोलायचा, पण आता त्याने 'मी सांगितलं होतं' असे म्हटले नाही. "रडायला नंतर वेळ आहे. त्या दिव्याआडून कुणीतरी तुला बघतंय. आधी इंटरनेटची तार काढ आणि बारीक फांदीवर ये."

तिने तार उपटली आणि फांदीच्या टोकाशी धाव घेतली. तेवढ्यात रानमांजर खोडावरून सरसर वर आले. घरट्यात त्याला कापूस आणि एक गरम डबा मिळाला. दोन्ही खाण्यासारखे नव्हते, आणि बारीक फांदी त्याला पेलणारी नव्हती. थोडा वेळ मिशा फेंदारून ते खाली उतरले.

मग दोघे कामाला लागले. तांबटाने चोचीने पंख्यातला कापूस उपसला, तसा संगणक निवला आणि चालू झाला. मांजराने आत घुसवलेला हेर प्रोग्रॅम शेकरूने शोधून काढून टाकला, वर्षानुवर्षांचा नको तो पसारा पुसला, जंगलात कुणाला सुचणार नाही असा पासवर्ड ठेवला. मगच तार पुन्हा जोडून तिने राहिलेले अपडेट घेतले. अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू होताना शेकरू पडद्याला नाक लावून बसली. पडदा हळूहळू उजळला. आवाज जागेवर होता. तिने आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, ती दूरच्या घरट्यात ठेवून आली, आणि मग ऐकायला बसली. झोप येऊ नये म्हणून उभीच राहिली.

"...आणि झेप घेताना एक लक्षात ठेव. नजर पुढच्या फांदीवर असेल, ती असू दे. पण उडी होते ती मागच्या फांदीच्या जोरावर. तीच पोखरलेली असली, तर पुढची कितीही चांगली असो, ती हाती लागायची नाही. सुटायच्या आधी तिला सांभाळ, बाळा."

शेकरू त्या जुन्या संगणकाजवळ गेली. तिने त्याच्यावरची धूळ आपल्या शेपटीने पुसली.

थंडीत नवा संगणक आला. जुना तोवर बिनतक्रार चालला, आपल्या चालीने का होईना. आईचा आवाज नव्यात गेला, तो पुरता ऐकून झाला, तेव्हाच शेकरूने जुन्याच्या आतले सगळे पुसले आणि त्याला निरोप दिला. दुपारी ती अजूनही तो आवाज लावते आणि अजूनही झोपते, पण आता शेवटचे वाक्य झाल्यावर.

तात्पर्य : जे उद्या बदलायचे आहे, त्याची आजही काळजी घ्यावी; कारण नवे हाती येईपर्यंत आपले मोलाचे सारे जुन्यापाशीच असते.