वैद्याच्या कानातली वाळू

एका जंगलात एक ससा राहत असे, आणि तो चक्क वैद्य होता. हसू नका. त्या जंगलात आजवर एकही ससा शिकलेला नव्हता. सशाने जन्माला यायचे, गवत खायचे आणि जरा कुठे पाचोळा वाजला की धूम ठोकायची, एवढेच सगळ्यांना ठाऊक. पण या सशाचे कान साऱ्या कुळात सर्वांत लांब होते आणि ते कान पाहूनच त्याच्या आईने ठरवून टाकले होते की आपला मुलगा वैद्य होणार. पलीकडच्या डोंगरात एक म्हातारे अस्वल वैद्यकी शिकवीत असे. आईने स्वतः वाळक्या काड्या चावून दिवस काढले आणि कोवळ्या गवताची पेंढी बरोबर देऊन मुलाला तिकडे धाडले.

काही वर्षांनी ससा परतला तो गळ्यात हिरडा बांधूनच. हा हिरडा म्हणजे अस्वलगुरुजींची पदवी. ज्याच्या गळ्यात हिरडा तो वैद्य, असा त्या मुलखाचा रिवाज होता. आईला आभाळ ठेंगणे झाले. दिसेल त्याला अडवून ती सांगू लागली, "माझा मुलगा वैद्य झाला बरं का!" एकदा तर तिने या भरात सापालाही थांबवले. साप बिचारा इतका गोंधळला की अभिनंदन करून निघून गेला.

उंबराखाली सशाने दवाखाना मांडला. आलेल्याच्या छातीला एक कान लावायचा, दुसरा कान पंजाने दाबून धरायचा, श्वास रोखायचा आणि आत काय चालले आहे ते ऐकायचे. गुरुजींनी हे ऐकणे त्याच्याकडून इतके घोटून घेतले होते की त्याचे निदान सहसा चुकत नसे. जंगलात त्याचे नाव झाले. रोज सकाळी उंबराखाली रांग लागे आणि एक मुंगूस दूर उभे राहून ती रांग बघत बसे.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, मजाच की सशाची! पण लांब कानांचा फायदा असतो तसा तोटाही असतो. दिवसभर ऐकलेले कण्हणे-कुंथणे त्याच्याबरोबर घरापर्यंत येई आणि बिळात शिरले तरी कानांतून जाईना. संध्याकाळी आई लहानपणीसारखे त्याचे कान चाटून स्वच्छ करी आणि विचारी, "आज बरेच आले होते का रे?" तो "हो" म्हणे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही. पहिल्या वर्षी त्याने मनाची समजूत घातली की होईल सवय. दुसऱ्या वर्षीही तीच समजूत घातली. पण सवय म्हणजे काही मुरांबा नव्हे, बरणीत ठेवून दिला की आपोआप मुरायला.

अशातच एक उन्हाळा फार कडक आला. एक हरिणी घसा धरून दवाखान्यात आली. ससा म्हणाला, "खोकला आहे," आणि त्याने तिला अडुळशाचा काढा दिला. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, या खेपेला चक्कर येते म्हणून. सशाने छातीला कान लावला. आत सगळे ठाकठीक होते. मग त्याला सुचले ते त्याने विचारले, "तू पाणी कुठे पितेस गं?"

"पाणी?" हरिणीने मान खाली घातली. "आमच्याकडची नदी आटली, वैद्यबुवा. तळ्यावर जावं तर काठाला बिबट्या टपून असतो. पदरात पाडस आहे. त्याला घेऊन कशी जाऊ?"

सशाला स्वतःचीच लाज वाटली. तहानलेलीला आपण काढा पाजला! तो तसाच उठला आणि तिला नि पाडसाला घेऊन नदीवर गेला. नदी कसली, नुसती वाळू पसरलेली. काय करावे ते न सुचून तो खाली बसला आणि त्याने सवयीने वाळूला कान लावला. दुसरा कान दाबून धरला. श्वास रोखला. आधी काहीच ऐकू आले नाही. मग खूप आतून, कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा, एक बारीकसा झुळझुळ आवाज आला. ससा उडालाच! त्याने दोन्ही पंजांनी उकरायला सुरुवात केली. पहिली जागा चुकली, कोरडी ठणठणीत निघाली. तो थोडा वर सरकला, पुन्हा कान लावला, पुन्हा उकरू लागला. हळूहळू वाळू काळसर झाली, मग ओली लागली, आणि खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी पाझरू लागले. वाळूतल्या अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. पाणी निवळेपर्यंत पाडसाला धीर निघेना. त्याने सरळ तोंड खुपसले आणि ते प्यायला लागले.

ससा शेजारी बसून बघत राहिला. पाठ दुखत होती, नखांत वाळू गेली होती, मिशांना चिखल लागला होता. आणि तो हसत होता. किती दिवसांनी आपण असे हसतो आहोत, हे त्याला त्याचे त्यालाच आठवेना.

झाले! त्या दिवसापासून सशाला झिऱ्यांचा नादच लागला. जमेल त्या दिवशी उजाडले की तो नदीवर जाई. उकरताना गळ्यातला हिरडा सारखा नाकावर आपटे, म्हणून तो काढून काठावरच्या करंजाच्या फांदीला अडकवी. एखाददुसरा झिरा काढून झाला की पंजे पुसायचे, हिरडा गळ्यात घालायचा आणि काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने दवाखान्यात हजर व्हायचे. चोरी नव्हती की लबाडी नव्हती, तरी लपवालपवी मात्र होती. कारण एकच. आईला कळले तर तिला काय वाटेल?

पण ते कावळ्याला मात्र कळले. तुमच्याही ओळखीत असा एखादा कावळा असेलच. दुसऱ्यांच्या मुलांचे काय चालले आहे, याची काळजी त्याला त्या मुलांच्या आईबापांपेक्षा जास्त असते. करंजावर बसून त्याने मान वाकडी केली आणि म्हणाला, "काय वैद्यबुवा, खड्डे खणताय? माझं काय जातंय म्हणा! पण शेवटी मातीच उकरायची होती, तर अस्वलाच्या गुहेत एवढी वर्षं कशाला घालवली? घुशीला विचारलं असतं तर तिने फुकट शिकवलं असतं."

ससा उकरतच राहिला. पण ते बोलणे त्याच्या मनात काट्यासारखे राहिले. आईने वाळक्या काड्या चावल्या त्या काय याच्यासाठी? त्या दिवशी त्याला झिरा सापडला तरी आनंद झाला नाही.

आणि त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. जंगलाचा कारभार एका म्हाताऱ्या गव्याकडे होता. त्याने निरोप धाडला, "सशाचं काम आम्ही पाहिलं आहे. वैशाखाच्या पहिल्या सकाळी सभा भरेल आणि ससा जंगलाचा कायमचा वैद्य होईल." कायमचा म्हणजे कायमचा. सभेपुढे एकदा 'हो' म्हटले की मरेपर्यंत ते काम सोडता येत नसे. आई आनंदाने नाचायचीच बाकी राहिली. ससा मात्र बिळात पडून विचार करत होता. 'हो' म्हटले तर आपला जन्म गेला, 'नाही' म्हटले तर आईचे मन गेले. शेवटी त्याने ठरवले की 'हो' म्हणायचे. आईपुढे आपली काय कथा?

सभेच्या दिवशी सगळे जंगल लोटले होते. आई पहिल्या रांगेत, अंग चाटूनपुसून लख्ख होऊन बसली होती. गव्याने घसा खाकरला आणि विचारले, "काय रे सशा, जंगलाचा वैद्य होशील ना?" ससा तोंड उघडणार, इतक्यात वरून काहीतरी टप्पकन त्याच्या पुढ्यात पडले. तो त्याचा हिरडा होता! सकाळच्या गडबडीत तो करंजावरच राहिला होता.

"नदीवर सापडला," फांदीवरून कावळा म्हणाला. "आपले वैद्यबुवा रोज उठून तिथे खड्डे खणतात. म्हटलं, सगळ्यांना कळलेलं बरं."

कोणी हसले, कोणी कुजबुजले. ससा क्षणभर गांगरला. "फिरायला गेलो होतो, तिथे राहिला," एवढे म्हटले की भागणार होते. ते शब्द जिभेवर आलेही. पण त्याचे लक्ष स्वतःच्या पंजांकडे गेले. नखांत अजून ओली वाळू होती. पहाटेच काढलेला झिरा, त्यातले निवळत आलेले पाणी, सगळे त्याला आठवले. त्याने ते शब्द गिळले.

"कावळा म्हणतो ते खरं आहे," ससा म्हणाला. "मी झिरे काढतो. मला ते आवडतं. वैद्यकी मला येते, पण माझ्याच्याने ती होत नाही. रोज संध्याकाळी मी अर्धा होऊन घरी जातो. मला कायमचा वैद्य करू नका, आजोबा. मी 'हो' म्हणायला आलो होतो, पण ते खोटं झालं असतं."

गव्याने विचारले, "मग एवढं शिकलास ते सगळं पाण्यात गेलं म्हणायचं?"

ससा विचारात पडला. "थोडं गेलंच," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "काढ्यांची नावं पुढल्या वर्षापर्यंत विसरून जाईन. पण ऐकायला मी तिथेच शिकलो. श्वास रोखून, घाई न करता, आत काय चाललंय ते ऐकायला. वाळूखालचं पाणी मला त्या कानांनीच सापडतं. ते गुरुजींचं देणं आहे."

"माझं पाडस त्याच पाण्यावर जगलं," मागून हरिणी म्हणाली.

"ते ठीक आहे," गवा म्हणाला, "पण जंगलाने वैद्य कुठून आणायचा?"

"मी आहे की!" सभेच्या कडेने आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिले. ते मुंगूस होते आणि त्याच्याही गळ्यात हिरडा होता. सशाच्या मागोमाग तेही अस्वलाकडे शिकून आले होते. पण जागा एकच आणि तिच्यावर ससा, म्हणून ते रोज दुरून दवाखाना बघत बसे. "मला कुणी विचारलंच नाही," मुंगूस म्हणाले. "दुसऱ्याचं दुखणं बरं केलं की मला भूक छान लागते. कधीपासून वाट बघतोय!"

ससा त्याच्याकडे बघतच राहिला. आपण नको असलेली जागा अडवून बसलो होतो आणि ज्याला ती हवी तो बाहेर ताटकळत होता, हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

आता राहिली आई. ती जागची उठली आणि सशाकडे यायला निघाली, तसे त्याचे दोन्ही कान खाली पडले. ती जवळ आली. तिने रोजच्यासारखा त्याचा कान चाटला आणि तोंड वेडेवाकडे केले.

"थू! आजही वाळू!"

"आई?"

"अरे बाळा, रोज संध्याकाळी तुझे कान कोण साफ करतं? रोग्याच्या छातीला कान लावला तर कानात वाळू जात नाही, एवढं अडाण्यालासुद्धा कळतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले," आई म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "आणि खरं सांगू? साऱ्या जंगलात मिरवून बसले होते, आता मागे कसं फिरायचं ते मलाच कळेना. पण ज्या दिवशी कानात वाळू असायची ना, त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून झोपायचा नाहीस. मी काड्या चावल्या त्या तू सुखाने झोपावास म्हणून रे. हिरड्यासाठी नव्हे."

सशाने आईच्या कुशीत तोंड खुपसले आणि सगळ्यांदेखत पोटभर रडला. रडून झाल्यावर त्याला इतके हलके वाटले की घरी जाताना तो आईला सोडून पुढे उड्या मारत गेला.

मुंगूस वैद्य झाले आणि चांगले वैद्य झाले. त्याचे कान लहान असल्यामुळे कोणाचे कण्हणे त्याच्याबरोबर घरी जात नसे. सशाने हिरडा टाकला नाही. तो पाठीवर फिरवून बांधला, म्हणजे उकरताना नाकावर आपटत नाही. दुपारच्या उन्हात कावळाही झिऱ्यावर येऊन गुपचूप पाणी पिऊन जाऊ लागला. ससा त्याला काही बोलत नसे. आणि आई? ती अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला अडवते. "माझा मुलगा झिरे काढतो बरं का! त्यासाठी अस्वलाकडे शिकलाय तो!" साप हल्ली दुसऱ्या वाटेने जातो.

तात्पर्य : विद्या ही वाटेवरची शिदोरी आहे, गळ्यातले दावे नव्हे, ती घेऊन मन रमेल त्या वाटेने जावे आणि घरच्यांना ते मोकळेपणाने सांगावे, कारण बहुधा त्यांना ते आधीच कळलेले असते.