रवंथाचा घास

सागाच्या एका जंगलात एक म्हातारी रानम्हैस आपल्या कळपाबरोबर राहत असे. एकदा जंगलालगतच्या शेतात शिरून तिने पोट फुटेस्तोवर ज्वारीची कणसे खाल्ली, आणि तेव्हापासून तिचे पोट जे बिघडले, ते सुधारेना. खाल्लेले दगडासारखे पडून राही. रवंथ बंद झाला, हाडे वर आली. कळप निघाला की ती चार पावले चालून उभी राही आणि इतरांना पुढे जायला सांगे. मागे राहणाऱ्यावर रानकुत्र्यांची नजर असते, हे तिला ठाऊक होते. पण भिण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते.

मुलांनो, म्हैस गवत एकटी पचवत नाही. तिच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. ते गवत आंबवतात, तेव्हा ते तिच्या अंगी लागते. म्हातारीच्या पोटातले हे जीव त्या ज्वारीने मेले होते. तिच्या धाकट्या बहिणीला आईने यावरचा उपाय सांगून ठेवला होता. तिने आपल्या रवंथाचा घास काढून थोरलीपुढे ठेवला. थोरलीने डोळे मिटून तो गिळला. तिसऱ्या दिवशी तिचा रवंथ सुरू झाला. पण राठ गवत चावण्याचा तिला कंटाळा येई. ती मोहाची गोड, मऊ फुले तेवढी वेचून खाई. आठवड्यात पोट पुन्हा बिघडले. धाकटीने पुन्हा घास दिला, पुन्हा तेच झाले.

तिसऱ्या वेळी कळप दूर गेला, तरी धाकटी मागे थांबली. ती म्हणाली, "ताई, घास मी देईन. पण त्यातून येणाऱ्या जिवांना तू उपाशी मारतेस. त्यांना फुले नकोत, गवत हवे."

"चावायला फार वेळ लागतो गं. मी दमले आहे."

"मीही दमले आहे," धाकटी म्हणाली आणि तिच्याशेजारी बसली.

थोरलीने तिच्याकडे पाहिले. तिच्यासाठी मागे राहून राहून धाकटीच्याही बरगड्या दिसू लागल्या होत्या. धाकटीने पुढे ठेवलेला घास थोरलीने गिळला आणि वाळल्या गवताला तोंड लावले. जबडा दुखे, अर्धा दिवस चावण्यातच जाई. तरी ती रोज चावत राहिली. महिन्याभराने कळप नदीकडे निघाला, तेव्हा ती सर्वांच्या मागून, पण न थांबता चालत होती. धाकटी कितीतरी दिवसांनी कळपाच्या मधोमध, निवांत चालली.

तात्पर्य : पोटाला बळ देणारे जीव दुसऱ्याकडून मिळतील, त्यांना रोज जगवण्याचे कष्ट मात्र आपले आपणच घ्यावे लागतात.