पहिली पळी गुरवाची

थांबा पाव्हणं, हात मागं घ्या. आसनोलीच्या वाघजाईपुढं तीर्थाची पहिली पळी गुरव स्वतः पितो, सगळ्यांच्या देखत. मग दुसऱ्यांना देतो. हसताय? हसा. पण ही रीत गोदू नावाच्या एका परटिणीनं घालून दिलीय.

फार वर्षांमागं म्हणे इथं एका निराहारी बाबानं तळ ठोकला. बारा वर्षं नुसत्या वाऱ्यावर जगतोय, अशी त्याची ख्याती. गावात तापाची साथ होती. वैद्याचा काढा विष आहे, माझ्या पायाचं तीर्थ पाजा, असं त्यानं सांगितलं आणि आमच्या शहाण्या वाडवडलांनी काढ्याची मडकी उकिरड्यावर पालथी केली! थुः! सांगतानासुद्धा किळस येते मला. गोदूनंही तेच केलं. तापानं पडलेल्या थोरल्या लेकीला, ठमीला, तिनं आपल्या हातानं ते पायधुणं पाजलं. पाचव्या दिवशी ठमी गेली.

"तुझी श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाला. गोदूला तेही खरं वाटलं. त्याची कफनी धुवायला मागून आणली, तेवढंच पुण्य.

ती कफनी तिनं धुण्याच्या खाराच्या पाण्यात बुडवली, त्याच दिवशी धाकट्या बनीचं अंग तापलं होतं. भगव्या कापडावर छातीपासून पोटापर्यंत लालभडक ओघळ उमटले. दुसऱ्या कुणी रक्त समजून हात जोडले असते. पण खारानं लाल होते ती हळद, हे परटिणीला कुणी शिकवायचं? वाऱ्यावर जगणाऱ्याच्या छातीवर कालवण सांडलेलं! ह्या खादाडाच्या शब्दावर गोदूनं पोटची पोर घालवली होती.

ओली कफनी खांद्यावर आणि बनी कडेवर, अशी ती देवळात गेली. गाव जमलेलंच होतं. बाबानं पाय धुतलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला.

"आधी तुम्ही प्या," गोदू म्हणाली.

"वेडी का खुळी तू?"

"एकच घोट. मग माझी पोर पिईल."

तिनं तांब्या त्याच्या ओठांना लावला, तसं त्यानं झटकन तोंड फिरवलं.

"शी!"

ती शी साऱ्या गावानं ऐकली. पुढं बाबाला किती झोडपलं, कुठवर पळवलं, ते जो तो वेगळं सांगतो. बनी वैद्याच्या काढ्यानं उठून बसली, एवढं मात्र सगळे सारखं सांगतात.

आजही पळी तोंडाला लावण्याआधी गुरव ठमीचं नाव घेतो. ऐका आता. मग हात पुढं करा.