कोंडाईची पट्टी

चपला इथंच काढा, पुढं बी पेरलेलं आहे. टेकडीच्या खांद्यावर ही जी दोन खाटांएवढी जमीन दिसते, तिला आम्ही कोंडाईची पट्टी म्हणतो. एवढीशी जमीन बघायला एवढा चढ चढवला म्हणून रागावू नका. मी तुळाजी, सत्तर वर्षं हाच चढ चढतोय, माझेही गुडघे रोज असेच रागावतात.

खाली गावात तुम्ही एक शब्द ऐकला असेल. विरजण द्या, रोप द्या, बियाणं द्या, घेणारी बाई "दे" म्हणत नाही, "घेते" म्हणत नाही. ओंजळ पुढं करते आणि म्हणते, "दसपट." दुखणं वाढलं, भांडण वाढलं, तर त्याला हा शब्द कुणी लावायचा नाही. माझ्या सुनेनं नवी असताना "डोकं दसपट दुखतंय" म्हटलं, तर सासूनं तिला चूळ भरायला लावली होती. तो शब्द या पट्टीतून उगवला, असं सांगतात.

फार मागं लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही. लोकांनी आधी दाणे खाल्ले, मग बियाणं खाल्लं. चौथ्या वर्षी आभाळ भरून आलं, पण पेरायला कुणाच्या घरी नागलीचा, म्हणजे तुमच्या नाचणीचा, दाणा नव्हता. फक्त कोंडाई नावाच्या एका विधवेकडं, वाळक्या भोपळ्यात राखेत घोळून ठेवलेली मूठभर नागली होती म्हणे. आणि त्याच आठवड्यात तिची लेक सगुणा माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. सगुणेच्या अंगात त्राण नव्हतं, दूध उतरत नव्हतं. बाळंतिणीला नागलीची पेज लागते, हे काय सांगायला हवं?

कोंडाई जात्यापाशी बसली. भोपळा उपडा केला, खुंटा धरला आणि तिचा हात थांबला. हे दळलं तर चार दिवसांची पेज होणार, आणि गावातून नागली कायमची जाणार. पेरलं तर पीक कार्तिकात. तोवर लेक आणि नात राहतील का? आई होती ती, तिला रडूच फुटलं.

सगुणेनं आतून पाहिलं. ती म्हणाली, "पेर आये. पण पीक येईतो मला धरून ठेव."

कोंडाईनं या पट्टीत बी टाकलं. गावात बोभाटा झाला. पोटच्या पोरीच्या तोंडचं मातीत घातलं, अशी बाई असते का! पण सगुणेचं बोलणं कानोकानी गेलं तशा त्याच बाया आपल्या घरात काय उरलंय ते बघू लागल्या. दुसऱ्या दिवशी एक जण उकडलेले कंद घेऊन आली. तिसऱ्या दिवशी दुसरीनं ओढ्यातल्या खेकड्यांचं कढण आणलं. मग पाळीच लागली. आपलं पोर अर्धपोटी ठेवून एकेका घरानं एकेक दिवस सगुणेला धरून ठेवलं. चार महिने.

कार्तिकात पट्टी पिकली. कोंडाईनं कणसं मळली आणि दाणे मुठीनं मोजायला बसली. तिला बोटांवर दहापर्यंतच मोजता यायचं. दहा मुठी झाल्या, बोटं संपली, आणि समोर रास तशीच होती. ती म्हणाली, "दसपट झालं. माझ्या लेकीचं भागलं. आता उरलं ते तुमचं." घरटी एक मूठ तिनं वाटली. कुणी म्हणालं, "कोंडाई, पुढल्या साली तुझी मूठ आणून देऊ." तिनं मान हलवली. "मला नगं. दसपट कर, नि ज्याच्याकडं नाही त्याला दे."

एक शाळामास्तर इथं आले होते. त्यांनी कागदावर हिशेब केला आणि म्हणाले, बाबा, ही वाढ दसपट नव्हे, शंभरपटीच्याही वर जाते. जात असेल. आमच्याकडं दसपट म्हणजे आपली दोन हातांची बोटं भरेपर्यंत. त्यापुढचं आपलं नाही.

ती तान्ही मुलगी जगली का, असं सगळे विचारतात. जगली. माझ्या पणज्याची ती आजी. ती जगली म्हणून तर मी तुमच्यापुढं उभा राहून बडबडतोय.

आजही गावात बाई बाळंत झाली की तिची पहिली पेज या पट्टीतल्या नागलीची होते, आणि पुढं सव्वा महिना तिच्या घरी चूल पेटवावी लागत नाही, पाळी ठरलेली असते. गेल्या महिन्यात माझी नात बाळंत झाली. ज्या घराशी आमचं तीन वर्षं बोलणं नाही, त्या घरची म्हातारी कढण घेऊन दारात उभी राहिली. मी बाजूला होऊन तिला आत घेतलं.

धरा ओंजळ. चिमूटभरच नागली आहे. घरी कुंडीत टाका. वाढली की मला आणून देऊ नका, शेजारी द्या. आता म्हणा बघू.