न घुमणारा ॲम्प्लिफायर

एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारा हर्षद नावाचा तरुण एकदा ॲम्प्लिफायर घ्यायला निघाला आणि निघताना आपल्या गुरूंना सांगायला गेला नाही. गुरू भित्रे आहेत, असे त्याचे मत होते.

गुरूंचे नाव बाबालाल मास्तर. तरुणपणी ते स्वतः बास वाजवत, पुढे वाद्यांची यंत्रे दुरुस्त करू लागले. सत्तरी उलटली तरी त्यांच्या काही सवयी गेल्या नव्हत्या. यंत्र उघडायचे तर आधी पायांत रबरी चपला घालणार. प्लग काढल्यावरही बराच वेळ नुसते बसून राहणार. मग एकच हात आत घालणार, दुसरा पाठीमागे कमरेवर ठेवणार. मुले त्यांची चेष्टा करीत. हर्षद तर तोंडावर म्हणे, "मास्तर, ॲम्प्लिफायर उघडताय की नागाची टोपली?"

मास्तर म्हणत, "नाग बरा. तो फुत्कारतो तरी."

हर्षदला हवा होता तो पूर्ण व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, म्हणजे ज्याच्या पोटात काचेच्या नळ्या तापून लालसर उजळतात तो. हल्लीच्या हलक्या यंत्रांवर त्याचे समाधान होत नव्हते. उघड्या मैदानावर, हजारो माणसांसमोर, बासचा खर्ज शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत उतरला पाहिजे, आणि तो व्हॉल्व्हशिवाय उतरत नाही, अशी त्याची श्रद्धा होती. ती अगदीच खोटी होती असेही नाही. दुसऱ्या दिवशी एका देवस्थानाच्या यात्रेत त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. हर्षद बास वाजवता वाजवता गातही असे, आणि गाताना त्याचे ओठ माइकला टेकलेले असत.

जुनी वाद्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याने त्याच्यापुढे दोन ॲम्प्लिफायर ठेवले. दोन्ही पूर्ण व्हॉल्व्हचे, दोन्ही असे जड की उचलायला दोन माणसे लागावीत. पहिला चकचकीत होता. दुसऱ्याचे कापड फाटले होते आणि एक मूठ तुटली होती. दुसरा सुरू करून, माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरला जोडताच तो घुमू लागला. गिटारला हात न लावता नुसतेच "घूंऽऽऽ". दार बंद केलेल्या खोलीत भुंगा अडकावा तसे.

"ही हमिंग जात नाही का?" हर्षदने विचारले.

"जुना माल आहे, दादा. पहिला ऐका की," व्यापारी म्हणाला.

पहिला सुरू झाला आणि काहीच ऐकू आले नाही. नळ्या उजळल्या, तापल्या, तरी संपूर्ण शांतता. मग हर्षदने सर्वांत जाड तार छेडली आणि दुकानाच्या शोकेसची काच थरथरली. त्याच्या अंगावर काटा आला. बोटांच्या टोकांना बारीक झिणझिण्या येत होत्या. त्याने ऐकले होते की व्हॉल्व्हचा सूर कानांआधी बोटांना कळतो. तो सूर हाच, असे त्याला वाटले.

"करंट येतोय बोटांत!" तो हसत म्हणाला.

"मग! व्हॉल्व्ह आहे तो," व्यापारीही हसला.

दोघेही हसले, आणि दोघांनाही आपण काय बोललो ते कळले नाही.

एवढ्यात बाबालाल मास्तर दुकानात आले. शिष्य कुठे गेला आहे हे त्यांना ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी सांगितले होते. ते दारातच थांबले. हर्षदने उत्साहाने पुन्हा तार छेडली.

"ऐका मास्तर! जरासुद्धा हमिंग नाही."

"ऐकतोय," मास्तर म्हणाले. "काहीच ऐकू येत नाही म्हणून तर दारात थांबलोय. बोटांना काही लागतं का रे?"

"लागतं की. गोड झिणझिण्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात ते म्हणाले, "उद्या स्टेजवर कसा उभा राहणार तू?"

"कसा म्हणजे? असाच. देवळासमोर स्टेज आहे, म्हणजे अनवाणी. देवासमोर कुणी चप्पल घालून वाजवतं का?" असे म्हणून हर्षदने दाखवण्यासाठी एक पाय चपलेतून काढला. गार फरशीवर तो टेकवणार, आणि दुकानातला माइक तोंडापुढे होताच.

"पाय खाली ठेवू नको!"

आयुष्यात कधी आवाज न चढवलेला म्हातारा ओरडला होता. हर्षद एका पायावर तसाच राहिला.

"पाय चपलेत घाल. माइकपासून मागे हो. गिटार पट्ट्याला धरून काढ, तारांना बोट लावू नको. खुर्चीवर ठेव. हं. आता लांब उभा राहा."

हर्षदने सगळे केले, पण त्याला रागच आला होता. "मास्तर, लोक बघताहेत हो. काय हे!"

मास्तरांनी व्यापाऱ्याकडे झिरोचा एक दिवा, होल्डर आणि दोन तारा मागितल्या. एका हाताने, दुसरा कमरेवर ठेवून, त्यांनी एक तार खुर्चीवरच्या गिटारच्या जाड तारेला अडकवली. मग माइकचा स्टँड ओढून खुर्चीपुढे आणला, बसलेल्या माणसाच्या ओठांसमोर यावा इतका तो खाली केला आणि दुसऱ्या तारेचे टोक माइकच्या जाळीला टेकवले.

दिवा लागला.

मिणमिणला नाही. घरात देवापुढे लावतो तसा व्यवस्थित लागला.

रिकाम्या खुर्चीवर गिटार होती, तिच्यासमोर माइक होता, आणि मधे, जिथे माणसाची छाती असते, तिथे तो लहानसा दिवा लोंबकळत शांतपणे जळत होता. हर्षदने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला. काही क्षणांपूर्वी त्या जागी तो होता. चपलेचा रबर आणि वीतभर अंतर, एवढेच काय ते मधे होते.

"शेठ, मेन बंद करा," मास्तर म्हणाले. व्यापाऱ्याच्या हाताला बटण सापडेना.

प्लग काढला. नेहमीप्रमाणे मास्तर बसून राहिले. आज मात्र कुणी चेष्टा केली नाही. "या पोटात चारशे-पाचशे व्होल्ट असतात. बंद केल्यावरही ते लगेच मरत नाहीत," ते एवढेच म्हणाले. नंतर आत साठलेली वीज त्यांनी काळजीपूर्वक उतरवली आणि मागची पत्र्याची झाकणी काढली. आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरीवरचे जुने आवरण झिजले होते आणि उघडी तांब्याची तार यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला टेकली होती. सांगाड्याची वीज गिटारच्या तारांत येत होती, आणि माइक मिक्सरच्या वायरीतून जमिनीला जोडलेला होता. पण मास्तरांनी बोट दाखवले ते दुसरीकडे. प्लगमधून येणारी तिसरी, हिरवी तार आत येताच कापलेली होती. कापणाऱ्याने तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती. तीन वेढे, एकही सुरकुती नाही.

निष्काळजीपणा असा दिसत नाही. निष्काळजीपणाने कापलेली तार लोंबत राहते. हे काम कुणीतरी मन लावून केले होते.

"कुणी कापली?" मास्तरांनी विचारले.

"मी नाही, देवाशपथ," व्यापारी म्हणाला. "ज्याचा होता त्यानंच कापून घेतली. पण तसं सगळेच कापतात हो. अर्थिंग जोडली की हमिंग येते. यात्रा कमिटीवाले बोंबलतात, लाऊडस्पीकरवाला पक्कड घेऊन येतो, तार तोडतो, हमिंग बंद. गिऱ्हाइकाला घूं घूं नको असते."

"ज्याचा होता तो कुठाय आता?"

व्यापारी खाली बघत म्हणाला, "त्याच्या थोरल्या भावानं आणून दिला. तो स्टेजवरच गेला, असं भाऊ म्हणाला. गाता गाता. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं."

हृदय बंद पडले! मरणारा प्रत्येक माणूस हृदय बंद पडूनच मरतो. ते कशाने बंद पडले, हे कागदावर लिहायचे राहून जाते. लिहिले तर कुणाला तरी विचारावे लागेल, मंडप घालणाऱ्याला, वायरमनला, कमिटीच्या अध्यक्षांना. लाऊडस्पीकर किती वाजेपर्यंत वाजवायचा याचा परवाना या राज्यात लागतो. त्याखाली स्टेजवर उभा राहिलेला माणूस जिवंत खाली उतरेल, असे लिहून द्यायला कुणी कुणाला सांगत नाही. आणि मग यंत्र पुसून, चकचकीत करून, पुढच्याला दाखवले जाते.

हर्षद म्हणाला, "मास्तर, मला वाटलं तो व्हॉल्व्हचा सूर आहे."

बाबालाल मास्तरांनी त्याला आपल्याजवळ बसवले.

"बाळ, ही हिरवी तार वाजत नाही, तापत नाही, उजळत नाही. यंत्र नीट असताना ती काहीच करत नाही. यंत्र बिघडले की वीज आपल्या अंगावर घेऊन जमिनीत नेणे, एवढे तिचे काम. ती असती तर आज फ्यूज उडाला असता, दुकानात अंधार झाला असता, तू चिडला असतास आणि जिवंत राहिला असतास. ती कापली तेव्हा बिघाड गेला नाही, बिघाडाचा बोभाटा गेला. ज्याला शांतता हवी होती त्याला शांतता मिळाली. तू मला भित्रा म्हणतोस ते खरे आहे. माझ्यासोबत वाजवणारे दोघे असेच गेले, मी त्यांना हाताने उचलले आहे. तेव्हापासून यंत्र घुमले की मी शोधायला बसतो, आणि अजिबात घुमले नाही की मला भीती वाटते."

"मग घेऊ कोणता?"

मास्तरांनी फाटक्या कापडाच्या दुसऱ्या ॲम्प्लिफायरला तसाच दिवा लावून पाहिला. लागला नाही. मागची झाकणी उघडली. हिरवी तार शाबूत होती, सांगाड्याला पक्की आवळलेली.

"हा. याची हमिंग व्हॉल्व्हची नाही. याचा प्लग त्या भिंतीवर आहे आणि मिक्सरचा या भिंतीवर. दोघांनी दोन ठिकाणची अर्थिंग घेतलीय. दोघांना एका बोर्डावर आण."

व्यापाऱ्याने प्लग हलवले. भुंगा जवळजवळ गप्प झाला. कान लावला तर किंचित ऐकू येत होता.

"तेवढा राहू दे," मास्तर म्हणाले. मग पहिल्या ॲम्प्लिफायरकडे वळून त्यांनी त्याचा प्लगच वायरीपासून छाटला.

दुसऱ्या दिवशी उन्हे कलायच्या आधी देवळासमोर स्टेज उभे राहिले. लोखंडी पत्र्यांचे स्टेज, खाली नुकताच मारलेला पाण्याचा सडा. ॲम्प्लिफायर वर चढवायला चौघे लागले. मिक्सर एका जनरेटरवर आणि स्टेजचा बोर्ड दुसऱ्यावर होता, त्यामुळे सुरू करताच भुंगा पुन्हा जागा झाला. लाऊडस्पीकरवाला वर आला. त्याच्या हातात पक्कड होती.

"थांबा भावजी, एक मिनिटात गप्प करतो याला. अर्थिंग काढली की झालं."

"हात लावायचा नाही," हर्षद म्हणाला. "मिक्सरची लाइन इकडच्या बोर्डावर दे."

"एवढी लांब वायर कोण ओढणार आता? रोजचंच काम आहे आमचं. कुणी मेलं का आजवर?"

"मेलं," हर्षद म्हणाला. "लिहिलं नाही कुणी."

कमिटीचे एक पुढारी खालून ओरडले, "अरे तो आवाज बंद करा! पाहुणे बसलेत!"

"वायर ओढा, बंद होईल," हर्षद माइकवरूनच म्हणाला. माइकपासून तो चांगला हातभर लांब उभा होता. "नाही ओढली तर पाहुण्यांना ऐकू द्या. तार कापून मी वाजवणार नाही."

गर्दीत कुजबुज झाली. पुढारी चिडले, दोघे-तिघे हातवारे करत स्टेजकडे आले. "नवा आहेस काय रे? पुढच्या वर्षी कार्यक्रमाची सुपारी मिळायची नाही!" हर्षदला या माणसांची भीती वाटत होती आणि यंत्राचीही. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा यंत्राकडे, आणि तो प्लगजवळ जाऊन उभा राहिला. अखेर पुटपुटत, शिव्या देत लाऊडस्पीकरवाल्याने वायर ओढली. भुंगा खाली बसला. एक बारीकसा गुणगुणाट तेवढा उरला.

मग त्या तरुणाने, ज्याला काल कशाचीच भीती नव्हती, सर्वांसमोर चपला काढायचे नाकारले. देवाकडे पाहून त्याने मनात क्षमा मागितली. डावा हात कमरेवर ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाची मागची बाजू हळूच तारेला लावली. झिणझिण्या नव्हत्या. तसेच माइकला लावून पाहिले. मग तो वाजवू लागला.

पहिल्या गाण्यात त्याचा ठेका थोडा मागेपुढे झाला, कारण त्याची बोटे कापत होती. गर्दीत पहिल्याच रांगेत बसलेल्या बाबालाल मास्तरांना ते दिसले, आणि त्यांनी पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकवली.

ज्या घरातून, ज्या कचेरीतून, ज्या गावातून कसलीच कुरकुर बाहेर येत नाही, तिथे शांतता आहे असे म्हणण्यापूर्वी मागची झाकणी उघडून पाहावी.