आतून लालभडक

नदीकाठच्या त्या वाळूच्या राज्यात कलिंगडं राहत, आणि सगळ्यांना एकच घोर लागलेला असे: आपण आतून लाल आहोत ना?

सांगायला खेकडेबुवा होते. ते आधी नांगीने टिचकी मारून आवाज ऐकत. आवाज बरा वाटला नाही तरच त्रिकोणी फोड कापून आत डोकावत आणि फोड परत जागेवर बसवत. त्या कापण्याने कित्येक जण वाचले होते. पण थोरल्यांचं टिचकीवर भागेना. ऊन लागलं, काढा फोड. झोप लागली नाही, काढा फोड. आप्पासाहेब तर अंगावरचे त्रिकोण मिरवत बसत. "अकरा वेळा आत बघितलंय माझ्या. अकराही वेळा लालभडक! आता बारावी काढून घेणार."

"मग आता बारावी कशाला?" मिरीने विचारलं. थोरल्यांच्या सकाळच्या बैठकीला जाणं या तरुण कलिंगडाने केव्हाच सोडलं होतं.

"अकरावी पलीकडच्या काठच्या खेकड्याने काढलेली. त्याचा काय भरवसा?"

"भोक तर तुमच्याच अंगाला पडलं ना, आप्पा?"

"लई शहाणी! वेलावर कालपरवा धरलीस आणि मला शिकवतेस?"

आणि एके दिवशी मिरीचा धाकटा भाऊ गोटू मलूल झाला. नारळाएवढा जीव, दोन दिवसांत पार कोमेजला. थोरले लगेच जमले.

"बुवा, चांगल्या चार ठिकाणी काढा," आप्पासाहेब म्हणाले. "आणि माझ्या मापाच्या! पोराच्या बाबतीत हात आखडायचा नाही."

आप्पांच्या मापाच्या चार फोडी काढल्यावर गोटू उरणार किती? आणि बघितलंच नाही, तर आत जे काही असेल ते त्याला खाणार. मिरी वेल ताणत घरंगळली आणि मधे जाऊन आडवी पडली.

"आप्पा, तुम्हाला गोटूला बरं करायचंय की स्वतःला धीर द्यायचाय? बुवा, तुम्ही हल्ली टिचकी का मारत नाही हो?"

खेकडेबुवा ओशाळले. "मारली की म्हणतात, बुवाला काही येत नाही."

"मी नाही म्हणणार. मारा."

टण्. टण्. टण्. देठाजवळ मात्र बद्द.

आधी मिरीच बोलली. "तिथे काढा. एकच. आणि त्याच्या मापाची."

बुवांनी नखाएवढी फोड कापली. आत एक पांढरी अळी ऐटीत लोळत पडली होती. बुवांनी ती चिमटीत धरून नदीत भिरकावली, फोड बसवली आणि वरून ओला गाळ लिंपला.

चौथ्या दिवशी गोटू टुणटुणीत. "ताई, माझा त्रिकोण आप्पांपेक्षा एवढुसा का गं?"

"कारण तुला अजून मोठं व्हायचंय, येड्या."

पलीकडे आप्पासाहेबांनी हट्टाने बारावी फोड काढून घेतली होती. "बघा, बघा! आतून लालभडक!" ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

आणि ते खोटं नव्हतंच. त्यांच्या पहिल्या त्रिकोणातून मुंग्यांची रांग आत शिरत होती, आणि बाराव्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात एकेक लालभडक कण होता.