मातीमावशीची पकड

दगडधोंडे बोलायचे त्या काळची गोष्ट. जमिनीच्या पोटात चिकणमातीमावशी राहायची. पाण्याबरोबर उंडारणाऱ्या विषारी युरेनियमला वाळूनं कधी अडवलं नाही. मावशीनं मात्र त्याला घट्ट कवटाळून ठेवलं. म्हणून तर खालच्या विहिरीचं पाणी निर्धोक होतं.

“मला चिकटलेला सुटत नाही!” मावशी मिरवायची.

एक दिवस चुनखडीतून विरघळलेला चुना पाण्यातून आला. “मावशी, तुझ्यासारखी पकड त्रिभुवनात नाही! या युरेनियमचा हात जरा मी धरून बघू?”

“बघ की!” मावशी फुशारली.

चुन्यानं हात धरून त्याला मावशीच्या मिठीतून सोडवलं आणि दोघंही पाण्याबरोबर पसार झाले.

खालून विहिरीतला बेडूक ओरडला, “मावशी, तुझा पाहुणा माझ्या घरात कसा?”

मावशी पुटपुटली, “काय सांगू बेडूकराव, मेल्यानं मला चुना लावला!”